विषाला लागलेला वेळ

१४ डिसेंबर २०१८. चामराजनगर जिल्ह्यातल्या सुळवाडी गावी किच्चुगुत्ती मारम्माच्या देवळात गोपुराच्या पायाभरणीचा समारंभ होता. जमलेल्या भाविकांना प्रसाद म्हणून टोमॅटोभात वाढला गेला. थोड्याच वेळात लोकांना उलट्या सुरू झाल्या, तोंडाला फेस आला. खरकटं टिपणारे कावळेही मरून पडले. रुग्णवाहिका म्हैसूरच्या रस्त्याला लागल्या आणि रात्रीपर्यंत म्हैसूरमधली इस्पितळं सुळवाडीच्या रुग्णांनी भरून गेली. सतरा जण दगावले, शंभराहून अधिक जण आजारी पडले. भातात मोनोक्रोटोफॉस हे शेतात फवारायचं कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. देवस्थानच्या कारभारावर ताबा कुणाचा, या वादातून हे घडवलं गेलं, असा आरोप पोलिसांनी ठेवला. आठवडाभराच्या आत अटका झाल्या आणि अटक झालेल्यांत एका मठाचे धाकटे स्वामीही होते.

तपास एवढ्या वेगाने पुढे गेला, त्यात त्या विषाच्या स्वभावाचाही वाटा आहे. मोनोक्रोटोफॉस पोटात गेलं की मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा संदेश वेळेवर थांबवणारं विकर निकामी होतं. संदेश चालूच राहतो. लाळ, घाम, उलट्या, स्नायूंचे झटके, अडकणारा श्वास, हे सगळं तासा-दोन तासांत दिसू लागतं. तोवर पातेल्यात भात शिल्लक असतो. जेवलेले आणि न जेवलेले एकाच अंगणात असतात. घातपात झालाय, हे गावातल्या म्हाताऱ्या बाईलाही कळतं.

विषाच्या जागी जंतू असला की हा सगळा हिशेब बदलतो. सॅल्मोनेला जातीचा जंतू पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला साधारण सहा तास ते तीन दिवस लागतात. एवढ्या अवधीत ताटं घासून होतात, उरलंसुरलं फेकलं जातं, प्रवासी पुढच्या गावी पोचलेले असतात आणि ज्याने हे केलं तोही निवांत घरी गेलेला असतो. शिवाय सॅल्मोनेला निसर्गात असतोच. अंड्यात, कोंबडीत, न धुतलेल्या हातांवर तो सापडतो. त्यामुळे पहिला संशय येतो तो ज्याने रांधलं आणि ज्याने वाढलं त्याच्यावर. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात १९८४ साली नेमकं हेच झालं, आणि त्या प्रकरणाचा धागा पुण्याच्या कोरेगाव पार्कातून निघालेला आहे.

रजनीशांचा आश्रम १९७४ पासून कोरेगाव पार्कात होता. मराठी वाचकाला त्या काळातल्या भगव्या कपड्यांची, परदेशी संन्याशांची आणि त्यावरून पेठांमध्ये झडलेल्या चर्चांची आठवण करून द्यायला नको. १९८१च्या जूनमध्ये रजनीशांनी पुणं सोडलं. त्यांच्या सचिव, मूळच्या बडोद्याच्या मा आनंद शीला यांच्या पुढाकाराने ऑरेगनमध्ये ‘बिग मडी रँच’ नावाची सुमारे ६४ हजार एकरांची माळरानाची जमीन साडेसत्तावन्न लाख डॉलरना विकत घेतली गेली. तिथे कम्यून उभं राहिलं आणि वर्षभरात त्याचं ‘रजनीशपुरम’ नावाचं नोंदणीकृत शहर झालं. स्वतःचा महापौर, स्वतःचे पोलीस, विमानांची धावपट्टी, दवाखाना आणि त्या दवाखान्याची प्रयोगशाळा.

या प्रयोगशाळेकडे पुढे यायचंच आहे. आधी भांडण काय होतं ते पाहू. ऑरेगनमध्ये शेतजमिनीवर शहर वसवण्याविरुद्ध कडक कायदे होते. बांधकामाचे परवाने वास्को काउंटीच्या हातात होते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. तिचा कारभार तीन निवडून आलेले आयुक्त पाहत आणि त्यातल्या दोन जागांची निवडणूक नोव्हेंबर १९८४ मध्ये होती. काउंटीची लोकसंख्या जेमतेम वीस हजारांच्या आसपास. कम्यूनने मोठमोठ्या शहरांतून दोन हजारांच्या वर बेघर माणसं बसमध्ये घालून आणली. उद्देश त्यांना मतदार करण्याचा होता. हा डाव उघड होता आणि राज्याच्या निवडणूक यंत्रणेने नवी मतदारनोंदणी रोखून धरल्यामुळे तो फसला. दुसरा डाव उघड नव्हता. आपली मतं वाढवता येत नसतील, तर समोरच्यांची कमी करायची. मतदानाच्या दिवशी काउंटीच्या मुख्य गावातली माणसं अंथरुणातून उठूच शकली नाहीत, तर काम होईल, असा तो विचार होता.

ते मुख्य गाव म्हणजे कोलंबिया नदीच्या काठावरचं द डॅल्स. वस्ती दहा हजारांहून थोडी अधिक. गावावरून मोठा महामार्ग जातो, त्यामुळे गावाच्या मानाने उपाहारगृहं पुष्कळ होती. १७ सप्टेंबर १९८४ रोजी काउंटीच्या आरोग्य खात्याला पहिली तक्रार आली : अमुक ठिकाणी जेवलो आणि आता जुलाब, ताप, पोटात मुरडा. मग तक्रारी येतच राहिल्या. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत सॅल्मोनेला टायफिम्युरियम सापडला. विषमज्वराच्या जंतूचाच हा जवळचा नातलग. सहसा जीव घेत नाही, पण लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांचे हाल करतो. साथीची पहिली लाट १८ सप्टेंबरपर्यंत होती. लगेच दुसरी उसळली आणि १० ऑक्टोबरपर्यंत चालली. एकूण ७५१ रुग्ण. पंचेचाळीस जणांना इस्पितळात ठेवावं लागलं. मृत्यू एकही नाही, हे नशीबच म्हणायचं.

आता तपास. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राकडे साथींचा माग काढणारं एक खास पथक आहे, ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’. अलेक्झांडर लँगम्यूर यांनी ते १९५१ मध्ये सुरू केलं. झिजून भोक पडलेल्या बुटाचा तळवा हे त्याचं बोधचिन्ह, कारण काम पायपिटीचं. आपल्याकडेही २०१२ पासून याच धर्तीचं प्रशिक्षण दिल्लीच्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्रात दिलं जातं. या डॉक्टरांना लोक रोगांचे गुप्तहेर म्हणतात. त्यांची पद्धत समजून घेण्याजोगी आहे.

ते फक्त आजाऱ्यांना प्रश्न विचारत नाहीत. आजारी माणूस सांगतो, मी कोशिंबीर खाल्ली, पाव खाल्ला, कॉफी प्यायलो. एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण पाव तर सगळेच खातात. म्हणून त्याच दिवशी, त्याच ठिकाणी जेवूनही आजारी न पडलेल्या माणसाला गाठून तेच प्रश्न विचारायचे. दोघांच्या उत्तरांत जिथे मोठी तफावत दिसेल, तिथे बोट ठेवायचं. द डॅल्समध्ये ही तफावत सॅलड बारपाशी दिसली. सॅलड बार म्हणजे बर्फावर मांडलेले वाडगे. त्यांत चिरलेल्या भाज्या, बटाट्याचं सॅलड, वरून घालायची पातळ ड्रेसिंगं. गिऱ्हाइकाने आपलं आपण वाढून घ्यायचं. गावातल्या ३८ उपाहारगृहांपैकी दहा ठिकाणी रुग्ण सापडले होते. त्या दहांपैकी आठ ठिकाणी सॅलड बार होता. उरलेल्या २८ ठिकाणांपैकी सॅलड बार होता तो फक्त तीन ठिकाणी. म्हणजे एकीकडे ८० टक्के, दुसरीकडे ११. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा आकडा नव्हता.

इथून पुढे मात्र वाट अडली. एरवी अशा तपासात एक कुठली तरी वस्तू हाती लागते : एकाच मळ्यातला लेट्यूस, एकाच डेअरीचं दूध, एकाच टाकीचं पाणी. इथे दहाही ठिकाणांना जोडणारा एकही पुरवठादार, एकही पदार्थ, एकही पाणवठा सापडेना. दोषी पदार्थही दर ठिकाणी वेगळा. एका जागी घरच्या घरी कालवलेल्या ब्लू चीज ड्रेसिंगमध्ये जंतू मिळाला, पण ते ज्या कोरड्या मिश्रणापासून केलं होतं त्यात नाही. म्हणजे जंतू वरून, शेवटच्या टप्प्यावर आला. आज हे वाचताना कुणीही म्हणेल की कुणीतरी हाताने टाकला. तेव्हाही गावातले पुष्कळ जण हेच म्हणत होते, आणि नाव घेत होते ते रजनीशपुरमचं.

तपास करणाऱ्यांनी घातपाताची शक्यता विचारात घेतली आणि बाजूला ठेवली. त्यांची कारणं वरवरची नव्हती. कुणी जबाबदारी घेतली नव्हती. कुणाला काही टाकताना पाहिलेलं नव्हतं. कुणी चिडलेला, काढून टाकलेला नोकर सापडला नव्हता. काही ठिकाणी तर गिऱ्हाइकांच्या आधी कर्मचारीच आजारी पडले होते. कम्यूनबद्दल गावात आधीच एवढा राग होता की गावकऱ्यांच्या संशयाला पुरावा मानणं धोक्याचंच होतं. आणि अन्नात मुद्दाम जंतू कालवून शेकडो माणसं आजारी पाडल्याचं उदाहरण त्यांच्या देशाच्या इतिहासात नव्हतं.

नसेल त्यांच्या इतिहासात, आपल्या इतिहासात जंतू हत्यार म्हणून वापरल्याचा खटला होऊन गेला होता आणि त्याचं एक टोक मुंबईत होतं. पाकूरच्या जमीनदार घराण्यातला तरुण अमरेंद्र पांडे २६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्टेशनच्या गर्दीत होता. कुणीतरी त्याच्या दंडाला सुईसारखं काही टोचून निघून गेलं. ४ डिसेंबरला तो गेला. त्याच्या रक्तात प्लेगचे जंतू सापडले. तपासात सावत्र भाऊ विनयेंद्र आणि तारानाथ भट्टाचार्य नावाचा डॉक्टर यांची नावं पुढे आली. माग काढत तपास मुंबईला आला. प्लेगवर औषध शोधल्याचं सांगून तारानाथने त्याच वर्षी मुंबईत प्लेगचे जंतू मिळवण्याची खटपट केली होती आणि आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात त्याला ते वाढवून उंदरांवर वापरायलाही मिळाले होते. खालच्या न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली. १९३६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. टोचणाऱ्याचा हात कुणी धरला नव्हता. पण जंतू कुणाला तरी कुठून तरी आणावा लागतो आणि त्या आणण्याच्या खुणा राहतात, हे या खटल्याने दाखवून दिलं होतं. पन्नास वर्षांनंतर ऑरेगनमध्ये हाच प्रश्न आधी विचारला जायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं. एकाच वेळी दहा ठिकाणी उगवणारा हा जंतू वाढवायची सोय पंचक्रोशीत कुणाकडे आहे?

झालं ते असं. आरोग्य खात्याने सप्टेंबरच्या अखेरीस सगळ्या मालकांना सॅलड बार बंद ठेवायला सांगितलं आणि साथ ओसरली. नोव्हेंबरमध्ये राज्याच्या साथरोग विभागाने निष्कर्ष जाहीर केला : कर्मचाऱ्यांच्या अस्वच्छ हातांमुळे ही साथ पसरली असावी. या दहा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे शंभर जण स्वतः आजारी पडले होते. भांडी विसळणारी, टेबलं पुसणारी, वाढपाचं काम करणारी ही माणसं. पोट धरून घरी पडलेली असताना आपल्यामुळे गाव आजारी पडलं, असं त्यांना वर्तमानपत्रातून कळलं. या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण रजनीशांच्या रोल्सरॉइस गाड्या आणि आश्रमातली कारस्थानं यांतच रमतात. त्या वाढप्यांची दखल फार थोड्यांनी घेतली आहे.

बर्फावरच्या वाडग्यांत थंडावा पुरेसा नव्हता, जुनं सॅलड नव्यात मिसळलं जात होतं, हेही अहवालांत होतं. ते खरंही होतं. अन्न पाच अंश ते साठ अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळलं की जंतू झपाट्याने वाढतात. म्हैसूरच्या चेलुवांबा राजवाड्यात १९५० पासून असलेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी अन्नसुरक्षा शिकताना हा धडा अगदी सुरुवातीला येतो. पण तापमान जंतू वाढवतं, जंतू आणत नाही. वाढ कशाने झाली आणि आला कुठून, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. द डॅल्सच्या तपासात पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं गेलं.

काँग्रेस सदस्य जिम वीव्हर यांना हे पटलं नाही. त्यांनी रोगनियंत्रण केंद्राचीच आकडेवारी मागवून घेतली आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये प्रतिनिधिगृहात भाषण करून सांगितलं की हा घातपात आहे. त्यांच्यावर धार्मिक आकसाची टीका झाली. त्यांच्याकडे साक्षीदार नव्हता, जंतूची कुपी नव्हती, कम्यूनच्या दारातून आत जाण्याचा अधिकार नव्हता. प्रकरण थंड पडलं.

ते उघडलं आतूनच. १९८५च्या सप्टेंबरच्या मध्यावर शीला आणि तिचे जवळचे सहकारी एकाएकी युरोपला निघून गेले. १६ सप्टेंबरला रजनीशांनी पत्रकार परिषद घेऊन शीलावर आरोपांची सरबत्ती केली. त्यात द डॅल्सची विषबाधाही होती. राज्य आणि केंद्र यांचं संयुक्त तपास पथक नेमलं गेलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झडतीची वॉरंटं घेऊन ते आत शिरलं. कम्यूनच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सॅल्मोनेला टायफिम्युरियमची कुपी मिळाली. ती वैद्यकीय साहित्य पुरवणाऱ्या कंपनीकडून साथीच्या आधीच रीतसर विकत घेतलेली होती. यात बेकायदा काहीच नव्हतं. कुठल्याही प्रयोगशाळेला आपल्या चाचण्या बरोबर येतात का हे पडताळण्यासाठी असे प्रमाणित जंतू लागतात.

कुपीतल्या जंतूची रुग्णांकडून मिळालेल्या जंतूशी तुलना झाली. कोणत्या शर्करा तो पचवतो, कोणत्या प्रतिजैविकांना दबतो, त्याच्या जनुकीय द्रव्याची ठेवण कशी आहे, हे ताडून पाहिलं गेलं. दोन्हींत फरक करता येईना. इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. फरक करता न येणं म्हणजे तोच असणं नव्हे. प्रमाणित जंतू जगभर विकले जातात, आणि आजच्यासारखं संपूर्ण जनुकसंच वाचून दाखवणारं तंत्र तेव्हा नव्हतं. म्हणून नुसत्या कुपीवर खटला उभा राहिला नसता. तिला जोड मिळाली माफीच्या साक्षीदारांची. रजनीशपुरमचे महापौर कृष्ण देव, म्हणजे डेव्हिड नॅप, यांनी आतली हकिगत सांगितली. दवाखान्याचं काम पाहणाऱ्या मा आनंद पूजा या परिचारिकेने जंतू वाढवला. त्याचं तपकिरी पाणी पिशव्यांतून नेलं जाई आणि आपसात त्याला ‘साल्सा’ म्हटलं जाई. काही जण साध्या गिऱ्हाइकासारखे उपाहारगृहात शिरत आणि वाडग्यांत ते ओतून बाहेर पडत. त्याआधी, २९ ऑगस्टला, कम्यूनच्या पाहणीला आलेल्या आयुक्तांपैकी दोघांना जंतू घातलेलं पाणी प्यायला दिलं गेलं होतं. त्यातले विल्यम हल्स मरता मरता वाचले. सप्टेंबरचं सगळं प्रकरण ही मतदानाच्या दिवसाची रंगीत तालीम होती. प्रत्यक्ष मतदानाला गावातले लोक मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि कम्यूनने निवडणुकीतून अंग काढून घेतलं.

शीला आणि पूजाला पश्चिम जर्मनीत पकडून अमेरिकेत आणलं गेलं. जुलै १९८६ मध्ये दोघींनी गुन्हा कबूल केला. शीलाची शिक्षा वीस वर्षांची होती, पण २९ महिन्यांनी ती सुटली. ७५१ माणसांना आजारी पाडल्याचा हा हिशेब मला आजही अपुरा वाटतो. रजनीशांवर विषबाधेचा आरोप ठेवला गेला नाही. इमिग्रेशनच्या गुन्ह्यात दंड भरून ते देश सोडून गेले आणि १९८७ मध्ये पुन्हा पुण्यात आले. सरकारी वकील चार्ल्स टर्नर यांच्या खुनाचा जो कट याच मंडळींनी रचला होता, त्यातल्या शेवटच्या फरारी आरोपीचा निकाल लागायला २००६ साल उजाडलं. तोवर रजनीशपुरम ओस पडून वीस वर्षं झाली होती.

विषबाधेचा संपूर्ण वैज्ञानिक अहवाल मात्र बरीच वर्षं छापलाच गेला नाही. वाचून कुणी नक्कल करेल, ही भीती होती. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाने सरिन वायू सोडला आणि असल्या हल्ल्यांबद्दल गप्प राहून भागणार नाही, हे दिसून आलं. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकन वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात थॉमस टोरोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. त्यात ३८ उपाहारगृहांचे आकडे आहेत, दोन लाटांच्या तारखा आहेत, कुपीचा उल्लेख आहे. आणि तेरा वर्षं उशिरा का होईना, हेही स्पष्ट लिहिलं आहे की आजारी कर्मचाऱ्यांच्या हातून काही ठिकाणी नकळत संसर्ग पसरला असेल, पण साथ त्यांच्यापासून सुरू झाल्याचा कसलाही पुरावा मिळालेला नाही.